मिरर केलेल्या डिस्कवरचा डेटा एकसारखा कसा ठेवावा : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

दोन डिस्कवर तोच डेटा ठेवला की एक डिस्क बंद पडली तरी काम अडत नाही, एवढे समजल्यावर बहुतेक जण मिरर उभा करतात आणि पुन्हा त्याकडे फिरकत नाहीत. मिररचे सगळे मोल मात्र दोन्ही प्रती खरोखर एकसारख्या असण्यावर आहे, आणि ही गोष्ट आपोआप कायम राहत नाही. १९८८ साली बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी रेडची (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याच्या पद्धतीची) मांडणी केली, तेव्हा मिररिंगला त्यांनी पहिली पातळी म्हटले. बिघडलेली डिस्क आपण बिघडल्याचे कळवते, हे या पद्धतीत गृहीत धरलेले आहे. डिस्कने चूक कळवली तर दुसरी प्रत हाताशी असते. डिस्कने काहीही न कळवता चुकीचा मजकूर दिला, तर साध्या मिररला दोन प्रतींमध्ये फरक आहे एवढेच फार तर शोधता येते. त्यांपैकी बरोबर कोणती, हे त्याला सांगता येत नाही. पुढच्या सर्व पायऱ्या या एका उणिवेमुळे आवश्यक ठरतात.

उदाहरणांसाठी लिनक्समधील एमडी हा सॉफ्टवेअर रेड आणि तो हाताळणारी एमडीएडीएम ही आज्ञा घेतली आहे. हार्डवेअर कंट्रोलरवर नावे बदलतील, पण कामाचा क्रम तोच राहील.

पहिली पायरी : प्रती वेगळ्या कशामुळे होतात ते समजून घ्यावे

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे लिहिणे चालू असताना वीज जाणे. एमडी एकच मजकूर दोन्ही डिस्ककडे पाठवतो, पण दोन्ही डिस्क तो एकाच क्षणी लिहीत नाहीत. त्या मधल्या क्षणी वीज गेली तर एका डिस्कवर नवा मजकूर आणि दुसरीवर जुना राहतो. येथे नवशिक्याला प्रश्न पडतो की यांतला खरा कोणता. उत्तर थोडे अनपेक्षित आहे : दोन्ही चालतात. लिहिणे पूर्ण झाल्याची पोच फाइल सिस्टिमला (डिस्कवर फाइलींची मांडणी सांभाळणाऱ्या व्यवस्थेला) मिळालेलीच नव्हती, त्यामुळे जुना मजकूर मिळाला तरी तिची तक्रार नसते आणि नवा मिळाला तरी नसते. तिला चालत नाही ती गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे आता वाचल्यावर नवा मजकूर मिळणे आणि तासाभराने तीच जागा वाचल्यावर, वाचन दुसऱ्या डिस्ककडे गेले म्हणून, जुना मिळणे. म्हणूनच अचानक बंद पडलेली मशीन पुन्हा सुरू झाली की एमडी एका डिस्कवरचा मजकूर प्रमाण मानून दुसरीवर उतरवतो. याला रीसिंक म्हणतात. रीसिंकमध्ये निवडलेली प्रत ‘अधिक बरोबर’ असते असे नाही. ती फक्त एक निश्चित प्रत असते आणि तेवढे पुरेसे असते.

दुसरे कारण म्हणजे एखादी डिस्क केबल सैल झाल्याने काही काळ बाहेर पडणे आणि मग परत येणे. तिसरे कारण अनेकांच्या लक्षात येत नाही : मिररमधील एकच डिस्क दुसऱ्या मशीनला किंवा दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला जोडून, रेडला वगळून थेट माउंट करणे, म्हणजे वापरासाठी उघडणे. एमडीच्या मेटाडेटाची, म्हणजे रेडच्या स्वतःच्या नोंदींची, आवृत्ती १.० किंवा ०.९० असेल तर रेडची माहिती डिस्कच्या शेवटी असते, त्यामुळे सुरुवातीपासून पाहणाऱ्याला ती डिस्क साध्या फाइल सिस्टिमसारखीच दिसते आणि माउंटही होते. त्यानंतर तिच्यावर झालेल्या एकाही बदलाचा मिररला पत्ता लागत नाही. बूट करण्यासाठीचे ईएफआय पार्टिशन मिरर करताना नेमकी हीच १.० आवृत्ती मुद्दाम वापरली जाते, कारण फर्मवेअरला (मशीन सुरू करणाऱ्या अंगभूत प्रोग्रॅमला) ते पार्टिशन साधे दिसावे लागते. आणि फर्मवेअरने त्यात काही लिहिले तर ते एकाच डिस्कवर जाते. नेहमीच्या डेटासाठी १.२ ही आवृत्ती ठेवावी. तिची माहिती सुरुवातीपासून ४ किलोबाइटवर असते आणि डेटा त्याच्याही पुढे सुरू होतो, त्यामुळे असा अपघात सहज होत नाही.

उरले ते डिस्कने गुपचूप चुकीचे देणे. मजकूर भलत्याच जागी लिहिला जातो, लिहिला असे सांगून प्रत्यक्षात लिहिला जात नाही, किंवा वाटेत एखादा बिट उलटतो. ही कल्पनेतली भीती नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १५.३ लाख डिस्क ४१ महिने पाहिल्या गेल्या आणि त्यांत चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) न जुळण्याचे ४ लाखांहून अधिक प्रसंग सापडले.

दुसरी पायरी : मिररची स्थिती वाचायला शिकावे आणि इशारा तुमच्यापर्यंत येईल अशी सोय करावी

‘प्रॉक’ डिरेक्टरीतील ‘एमडीस्टॅट’ ही फाइल उघडली की प्रत्येक ॲरेपुढे (रेडमध्ये जोडलेल्या डिस्कच्या संचापुढे) चौकोनी कंसात डिस्कची स्थिती दिसते. दोन डिस्कचा निरोगी मिरर दोन ‘यू’ दाखवतो. एका ‘यू’च्या जागी अधोरेखा दिसली तर एक डिस्क बाहेर पडलेली आहे आणि तुम्ही एकाच प्रतीवर काम करत आहात. यापुढचा तपशील एमडीएडीएमला ‘डिटेल’ हा पर्याय देऊन मिळतो. प्रत्येक डिस्कच्या स्वतःच्या नोंदी ‘एक्झॅमिन’ या पर्यायाने पाहता येतात. त्यात ‘इव्हेंट्स’ नावाचा आकडा असतो. ॲरेच्या स्थितीत बदल होत गेला की तो वाढत जातो आणि दोन्ही डिस्कवर तो सारखा असायला हवा. मागे पडलेला आकडा म्हणजे ती डिस्क शिळी झाल्याची खूण.

हे रोज हाताने पाहणे कोणालाच जमत नाही. एमडीएडीएमचा मॉनिटर चालू ठेवावा, त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ईमेलचा पत्ता द्यावा आणि मॉनिटरलाच ‘टेस्ट’ पर्याय देऊन चाचणीचा संदेश स्वतःला पाठवून पाहावा. हा संदेश प्रत्यक्ष तुमच्या इनबॉक्समध्ये दिसेपर्यंत ही पायरी पूर्ण झाली असे मानू नये. एक डिस्क गेल्यावरही मिरर शांतपणे काम करत राहतो, हा त्याचा गुण आहे. पण बातमी तुमच्यापर्यंत पोचली नाही, तर दुसरी डिस्क जाईपर्यंत पहिली गेल्याचे तुम्हाला कळणारही नाही.

तिसरी पायरी : लिहिण्याची वाट सुरक्षित करावी

रीसिंकसाठी संपूर्ण डिस्क उतरवावी लागली तर फार वेळ जातो. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट वेगाने पूर्ण वाचायला सात तासांहून अधिक लागतात, आणि तेही दुसरे काही काम चालू नसताना. त्यासाठी राइट-इंटेंट बिटमॅप वापरतात. ॲरेचे लहान लहान विभाग करून, एखाद्या विभागात लिहिण्याआधी ‘येथे लिहिणे चालू आहे’ अशी खूण डिस्कवर केली जाते आणि दोन्ही डिस्कवर लिहून झाल्यावर काही वेळाने ती पुसली जाते. वीज गेली तर फक्त खूण असलेले विभाग जुळवले की काम होते. एमडीएडीएम १०० गिगाबाइट किंवा त्याहून मोठ्या डिस्कवर ॲरे तयार करताना हा बिटमॅप स्वतःहून लावतो किंवा, नव्या आवृत्त्यांत, लावायचा का ते विचारतो; तरी ‘डिटेल’मध्ये तो आहे ना हे पाहावे आणि नसेल तर ‘ग्रो’ या पर्यायाने जोडावा. लिहिण्याचा वेग त्यामुळे थोडा कमी होतो. माझ्या मते ही किंमत बिनतक्रार मोजावी, कारण रीसिंक अपुरा असेपर्यंत दुसऱ्या डिस्कवरच्या प्रतीवर भरवसा ठेवता येत नाही.

त्यानंतर डिस्कच्या स्वतःच्या कॅशकडे वळावे. डिस्क आलेला मजकूर आधी तिच्या आतल्या मेमरीत घेते आणि सवडीने कायमचा लिहिते. फाइल सिस्टिम अधूनमधून ‘आतापर्यंतचे सर्व कायम करा’ अशी फ्लश आज्ञा देते आणि एमडी ती दोन्ही डिस्ककडे पोचवतो. डिस्क ही आज्ञा प्रामाणिकपणे पाळत असेल तर कॅश चालू ठेवण्यात काही गैर नाही. मात्र काही यूएसबी पेट्या ही आज्ञा नीट पुढे पाठवत नाहीत, आणि स्वस्त एसएसडींमध्ये वीज गेल्यावर कॅश रिकामी करण्यापुरती ऊर्जा साठवणारे कपॅसिटर नसतात. मिररमधील डिस्क यूएसबीवरून जोडू नयेत, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. हार्डवेअर कंट्रोलर असेल तर त्याच्या कॅशला बॅटरीचा किंवा फ्लॅशचा आधार आहे का, आणि ती बॅटरी अजून धड आहे का, हे पाहावे. बॅटरी संपल्यावरही राइट-बॅक (मजकूर कॅशमध्ये येताच लिहिल्याची पोच देणे) जबरदस्तीने चालू ठेवणारी सेटिंग असेल तर ती बंद करावी.

मेमरीचा विचारही येथेच करावा. रॅममध्ये एखादा बिट उलटला तर तोच चुकीचा मजकूर दोन्ही डिस्कवर जातो. मग दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात आणि दोन्ही चुकीच्या असतात. मिररच्या कोणत्याही तपासणीत हे सापडणार नाही, म्हणून शक्य असेल तेथे ईसीसी रॅम (उलटलेला बिट ओळखून सुधारणारी मेमरी) घ्यावी.

चौथी पायरी : डिस्कची वेळमर्यादा आणि कर्नलची वेळमर्यादा जुळवावी

ही पायरी लहान आहे, पण पुष्कळ मिरर याच ठिकाणी अकारण मोडतात. डिस्कला एखादा सेक्टर (डिस्कवरचा ठराविक आकाराचा लहान तुकडा) वाचता आला नाही की ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. घरगुती वापराच्या डिस्क यात मिनिटभराहूनही अधिक वेळ घालवू शकतात. लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मात्र साधारण ३० सेकंद वाट पाहतो आणि उत्तर आले नाही की ती डिस्क रीसेट करतो. परिणामी एका खराब सेक्टरपायी चांगली चाललेली अख्खी डिस्क ॲरेबाहेर फेकली जाते. डिस्कने वेळेत ‘वाचता येत नाही’ असे कळवले असते, तर एमडीने तो भाग दुसऱ्या डिस्कवरून वाचून पहिलीवर परत लिहिला असता आणि डिस्कने त्या सेक्टरऐवजी राखीव सेक्टर वापरला असता. म्हणजे दुरुस्ती होण्याची पूर्ण सोय होती, फक्त निरोप उशिरा आला.

उपाय असा : स्मार्टसीटीएल या आज्ञेने डिस्कची एससीटी ईआरसी मर्यादा (न वाचता येणाऱ्या सेक्टरवर डिस्क किती वेळ प्रयत्न करेल ती) पाहावी आणि ती वाचनासाठी व लेखनासाठी ७० ठेवावी. हा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो, म्हणजे ७० म्हणजे ७ सेकंद. बऱ्याच डिस्क वीज जाऊन आल्यावर ही सेटिंग विसरतात, म्हणून प्रत्येक बूटच्या वेळी ती पुन्हा लागेल अशी व्यवस्था करावी. डिस्कला ही सोयच नसेल तर उलट बाजूने कर्नलची मर्यादा त्या डिस्कपुरती वाढवून १८० सेकंद करावी. मशीन अधूनमधून थबकेल, पण डिस्क विनाकारण बाहेर पडणार नाही.

पाचवी पायरी : नियमित तपासणी लावावी

जी फाइल वर्षभर कोणी उघडलेली नाही तिचा सेक्टर खराब झाला, तर ते कोणालाही कळत नाही. कळते ते दुसरी डिस्क गेल्यावर, नव्या डिस्कवर सर्व डेटा उतरवताना, जेव्हा तीच एक प्रत उरलेली असते. म्हणून सर्व सेक्टर ठराविक काळाने वाचून पाहावेच लागतात. याला स्क्रबिंग म्हणतात. एमडीमध्ये त्या ॲरेच्या ‘सिंक ॲक्शन’ या फाइलमध्ये ‘चेक’ हा शब्द लिहिला की तपासणी सुरू होते. डेबियनमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी ती आपोआप चालते. तुमच्या वितरणात तशी सोय आहे का ते पाहावे आणि नसेल तर महिन्यातून एकदा चालेल अशी स्वतः लावावी.

‘चेक’ दोन कामे करतो. वाचता न आलेला सेक्टर दुसऱ्या प्रतीवरून भरून काढतो, आणि दोन्ही प्रती वाचता आल्या पण जुळल्या नाहीत तर ते फक्त मोजतो. त्याच जागी ‘रिपेअर’ हा शब्द लिहिला तर एमडी एक प्रत घेऊन ती दुसऱ्यांवर लिहितो. तो कसलाही निवाडा करत नाही, आणि तीन डिस्कचा मिरर असला तरी बहुमत घेत नाही. त्यामुळे वेळापत्रकात नेहमी ‘चेक’च ठेवावा. रोजच्या सवयीने ‘रिपेअर’ चालवणे म्हणजे चांगली प्रत पुसून तिच्या जागी वाईट प्रत बसवण्याचा धोका नियमितपणे पत्करणे होय.

तपासणी संपली की ‘मिसमॅच काउंट’ पाहावा. हा आकडा ५१२ बाइटच्या सेक्टरांत असतो, पण मिररमध्ये तुलना त्याहून मोठ्या तुकड्यांची होते, म्हणून एका बाइटचा फरकही १२८ असा दिसू शकतो. त्यामुळे १२८ पाहून घाबरू नये आणि दुर्लक्षही करू नये. त्या ॲरेवर स्वॅप (मेमरीतली पाने तात्पुरती ठेवण्याची डिस्कवरची जागा) असेल तर लहान आकडा निरुपद्रवी असण्याची बरीच शक्यता असते : मेमरीतले पान डिस्ककडे जात असतानाच बदलले तर दोन्ही डिस्कवर त्याची किंचित वेगळी रूपे उतरतात, पण ते पान पुढे कोणी वाचणारच नसते. एसएसडीवर ट्रिम केलेल्या (वापरात नाहीत असे कळवलेल्या) रिकाम्या जागाही वेगवेगळा मजकूर परत देऊ शकतात. ॲरे तयार करताना ‘अझ्यूम क्लीन’ हा, पहिला रीसिंक टाळणारा, पर्याय दिला असेल तर रिकाम्या भागात सुरुवातीपासूनच मोठा फरक असतो. नवशिक्यांनी तो पर्याय वापरूच नये आणि पहिला रीसिंक पूर्ण होऊ द्यावा. मात्र स्वॅप नसलेल्या, साध्या हार्ड डिस्कच्या मिररवर दर महिन्याला वाढत जाणारा आकडा दिसला, तर ती खरी तक्रार समजावी.

सहावी पायरी : फरक सापडल्यावर घाई न करता कोणती प्रत बरोबर ते ठरवावे

प्रथम बॅकअप ताजा आहे याची खात्री करावी, पण जुन्या बॅकअपवर नवा लिहू नये. कदाचित बरोबर मजकूर फक्त जुन्या बॅकअपमध्येच असेल. मग दोन्ही डिस्कचे स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवते त्या नोंदी) काढावेत. त्यात ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांचे आकडे वाढलेले असतील तर डिस्कच्या पृष्ठभागावर संशय घ्यावा. १९९ हा क्रमांक डिस्क आणि कंट्रोलर यांमधील वाहतुकीच्या चुका मोजतो. तो वाढत असेल तर आधी केबल बदलावी, कारण डिस्क कदाचित निर्दोष आहे.

एवढ्याने निकाल लागला नाही तर फरक नेमका कोठे आहे ते शोधता येते. फाइल सिस्टिम अनमाउंट करून ॲरे थांबवावा. ‘एक्झॅमिन’मधून प्रत्येक डिस्कचा डेटा ऑफसेट (डेटा जेथून सुरू होतो ती जागा) घ्यावा आणि सीएमपी या आज्ञेने दोन्ही डिस्क त्या जागेपासून बाइटगणिक ताडून पाहाव्यात. ही आज्ञा फक्त वाचते, काही लिहीत नाही. जेथे फरक दिसेल ती जागा डेटाच्या सुरुवातीपासून किती बाइटवर आहे ते काढून त्याला ४०९६ ने भागले की, नेहमीच्या मांडणीत, ईएक्सटी४ फाइल सिस्टिमचा ब्लॉक क्रमांक मिळतो. मग ॲरे पुन्हा जोडून डीबगएफएसमध्ये ‘आयचेक’ने त्या ब्लॉकचा आयनोड (फाइलची अंतर्गत नोंद) आणि ‘एनचेक’ने त्या आयनोडचे फाइलनाव काढावे. ब्लॉक कोणाचाच नाही असे निघाले आणि ‘टेस्टबी’नेही तो वापरात नसल्याचे सांगितले तर तो रिकामा भाग आहे आणि ‘रिपेअर’ निर्धास्तपणे चालवता येतो. फाइलचे नाव निघाले तर ती बॅकअपमधील प्रतीशी ताडून पाहावी आणि शंका असेल तर ती फाइल बॅकअपमधून पुन्हा लिहावी. नव्याने लिहिली की ती दोन्ही डिस्कवर सारखीच उतरते. हे काम किचकट आहे, तरी निदान एकदा करून पाहावे. मिररला काय माहीत असते आणि काय नसते, हे त्यातून जितके स्वच्छ समजते तितके वर्णन वाचून समजत नाही.

हा निवाडा यंत्रावर सोपवायचा असेल तर चेकसम ठेवणारी व्यवस्था निवडावी लागते. झेडएफएस या फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक ब्लॉकचा चेकसम त्या ब्लॉकपाशी न ठेवता त्याच्याकडे निर्देश करणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवतात, त्यामुळे भलत्या जागी लिहिला गेलेला मजकूरही पकडला जातो. वाचताना चेकसम जुळला नाही तर दुसरी प्रत तपासली जाते, ती जुळली तर तीच परत दिली जाते आणि पहिली दुरुस्तही होते. बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिमही हेच करते, पण तिच्यात ज्या फाइलींसाठी कॉपी-ऑन-राइट (जुन्या मजकुरावर न लिहिता नव्या जागी लिहिणे) बंद केले आहे त्यांना चेकसम नसतो. व्हर्च्युअल मशीनच्या फाइलींसाठी वेग वाढवायला अनेक जण ते बंद करतात आणि नकळत हे संरक्षणही गमावतात. एमडीच ठेवायचा असेल तर प्रत्येक डिस्कवर आधी डीएम-इंटेग्रिटीचा थर देऊन त्यावर मिरर उभारता येतो. २०१७ मध्ये लिनक्स ४.१२ बरोबर आलेला हा थर न जुळणारा चेकसम वाचनाची चूक म्हणून कळवतो, आणि वाचनाची चूक दुरुस्त करणे तर एमडीला आधीपासूनच येते. लिहिण्याचा वेग मात्र यात ठळकपणे घटतो. नवी मांडणी करणाऱ्याने झेडएफएसचा विचार आधी करावा, असे मला वाटते.

सातवी पायरी : बाहेर पडलेली डिस्क परत घेताना आणि डिस्क बदलताना

केबलमुळे बाहेर पडलेली डिस्क ‘री-ॲड’ने परत घ्यावी, बिटमॅप असेल तर मधल्या काळात बदललेले विभागच उतरवले जातात. मात्र त्या काळात ती डिस्क कोठेही स्वतंत्रपणे चालवली गेली असेल तर ‘री-ॲड’ करू नये, कारण तिच्यावर झालेले बदल बिटमॅपला ठाऊक नसतात. आज एक डिस्क एकटीने चालली आणि उद्या दुसरी एकटीने चालली, असे झाले असेल तर दोन्हींवर वेगवेगळा नवा डेटा असतो आणि दोन्ही जुळवणारी कोणतीही आज्ञा नाही. कोणती ठेवायची ते माणसाने ठरवावे, दुसरीवरच्या हव्या त्या फाइली बाहेर काढाव्यात, तिचा सुपरब्लॉक (डिस्कवरची रेडची नोंद) पुसावा आणि मगच तिला नवी डिस्क म्हणून जोडावे.

जुनी डिस्क अजून थोडीफार चालत असेल तर ती आधी काढू नये. नवी डिस्क स्पेअर (राखीव) म्हणून जोडून ‘रिप्लेस’ हा पर्याय वापरावा, म्हणजे नवी पूर्ण भरेपर्यंत जुनीही मिररमध्ये राहते आणि एका प्रतीवर राहण्याची वेळ येत नाही. डिस्क ओळखताना ‘एसडीए’, ‘एसडीबी’ या नावांवर विसंबू नये, ती बूटागणिक बदलू शकतात. अनुक्रमांक स्मार्टसीटीएलमध्ये पाहावा, डिस्कवरच्या लेबलशी जुळवावा आणि मगच हात लावावा. नवी डिस्क भरून दोन्ही ‘यू’ दिसू लागले की लगेच एकदा ‘चेक’ चालवावा, मिसमॅचचा आकडा आणि कर्नलचा लॉग दोन्ही पाहावेत, आणि त्यानंतरच जुनी डिस्क पुसून बाजूला करावी.